नोकरी पुण्याची, मुक्काम उदगीरचा

गेल्या काही महिन्यांपासून मराठवाड्यातून येणाऱ्या पत्रांत एक विषय वारंवार डोकावू लागला आहे. नोकरी पुण्या-मुंबईच्या किंवा परदेशातल्या कंपनीत आणि काम मात्र गावातल्या घरातून, असा हा संसार आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा लॅपटॉप पाठीवर टाकून गावी आलेल्यांपैकी काही जण परत गेलेच नाहीत. काहींना जाता आले नाही, काहींना जावेसे वाटले नाही. खोलीभाडे वाचते, आईवडिलांपाशी राहता येते, पगारही वेळेवर होतो, आणि तरीही मनात काहीतरी सलत राहते, असे ही माणसे लिहितात. त्यांपैकी चार पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. नावे आणि ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.

प्रश्न: मी उदगीरचा, वय ३१. पुण्यातील एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासणीचे काम करतो. वडिलांना अर्धांगवायूचा झटका आल्यापासून मी गावीच राहतो आणि कंपनीने तशी परवानगी दिली आहे. दिवसभर माडीवरच्या खोलीत मी एकटा असतो. कामापलीकडे कोणाशी चार शब्द बोलणे होत नाही. शाळेतले मित्र एक तर पुण्यात आहेत, नाही तर आपापल्या दुकानात आणि शेतात गुंतलेले आहेत. भेटायला येणारे लोक वडिलांना विचारतात, "पोरगं घरीच हाय का? नोकरी सुटली का काय?" दोन ठिकाणी लग्नाची बोलणी याच शंकेमुळे थांबली. गेल्या येळवसीच्या सणाला चुलत्यांनी वडिलांनाही जीपमध्ये बसवून शेतात नेले, मी मात्र मीटिंगमुळे घरी थांबलो. मीटिंग चाळीस मिनिटांत संपली, शेत तीन किलोमीटरवर आहे, तरीही उठून जावेसे वाटले नाही. माझ्यात काही बिघडले आहे का?

उत्तर: तुमच्या पत्रातील शेवटच्या दोन वाक्यांपाशी मी बराच वेळ थांबले. त्यांच्याकडे शेवटी येते. आधी एकटेपणाविषयी लिहिते, कारण त्याचे कारण तुम्ही स्वतःत शोधत आहात आणि ते बऱ्याच अंशी तुमच्या दिवसाच्या रचनेत आहे.

पुण्याच्या कार्यालयात तुम्ही होतात तेव्हा फाटकावरचा सुरक्षारक्षक, लिफ्टमध्ये भेटणारा दुसऱ्या विभागातला माणूस, टपरीवरचा चहावाला आणि डबा उघडताना "आज काय आणलंय?" असे विचारणारा शेजारी यांच्याशी दिवसभरात वीस-पंचवीस वेळा बोलणे होत असे. त्याला कोणी मैत्री म्हणत नाही, पण आपण आहोत याची पावती त्यातून रोज मिळत असते. गावातल्या दुकानदाराला ती गिऱ्हाइकाकडून मिळते आणि शेतकऱ्याला पारावर मिळते. तुम्ही देहाने उदगीरला आहात आणि तुमचे घड्याळ पुण्याचे आहे, त्यामुळे या दोन्ही ठिकाणची पावती तुम्हाला मिळत नाही. ही उणीव स्वभावातली नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चीनमधील एका मोठ्या प्रवास-आरक्षण कंपनीत २०१० ते २०११ या काळात नऊ महिने एक प्रयोग केला होता. स्वतःहून तयार झालेल्या कर्मचाऱ्यांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडून आठवड्यातून चार दिवस घरून काम दिले गेले. त्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढले, प्रवासाचा त्रास वाचला, आणि तरीही प्रयोग संपल्यावर पर्याय दिला तेव्हा घरून काम करणाऱ्यांतील जवळपास निम्मे लोक कार्यालयात परत गेले. त्यांनी सांगितलेले मुख्य कारण एकटेपणा हे होते. ही सारी माणसे घरून काम करण्यासाठी आनंदाने पुढे आलेली होती, हे लक्षात घ्या.

आता गावकऱ्यांच्या प्रश्नाविषयी. तो तुम्हाला बोचतो हे मी समजू शकते, पण त्यात दुष्टपणा पाहू नका. आपल्याकडे नोकरी म्हणजे सकाळी इस्त्रीचे कपडे घालून, डबा घेऊन, एसटी स्टँडकडे जाणारा माणूस. ती डोळ्यांना दिसते. तुमची नोकरी दिसत नाही. ती दिसेल अशी करावी लागेल. वडिलांच्या दोन जवळच्या मित्रांना एकदा माडीवर बोलवा आणि स्क्रीनवर काय चालते ते दाखवा. "बँकेचे नवे अ‍ॅप लोकांच्या हाती पडण्याआधी त्यातल्या चुका शोधणे हे माझे काम" एवढे एक वाक्य त्यांना कळले, तर पुढचे ते स्वतःच चार ठिकाणी सांगतील. वडिलांना उत्तर द्यावे लागणार नाही, हा त्यातला मोठा लाभ आहे.

दुसरे म्हणजे घराबाहेर पडा. तालुक्याच्या गावी मोठ्या शहरातल्यासारखी भाड्याची कार्यालये नसतात, पण स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी चालवलेल्या अभ्यासिका असतात. तिथे महिन्याच्या फीवर ठरलेले टेबल, पंखा, वायफाय आणि वीज गेली तर इन्व्हर्टर मिळतो. फोनवर बोलता येत नाही, ही अडचण आहे. म्हणून ज्या दिवशी मीटिंग सकाळीच आटोपतात, अशा आठवड्यातल्या दोन दुपारी तिथे बसून पाहा. दुपारी पाठीवर बॅग टाकून घरातून निघणारा माणूस गल्लीला दिसतो आणि चहाच्या सुट्टीत शेजारच्या टेबलावरच्या मुलाशी बोलणे होते. तुमच्या गावाने २०२२ मध्ये पंचाण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरवले, त्यासाठी कितीतरी लोकांनी रात्रीचा दिवस केला असेल. अशा गावात संध्याकाळी एकत्र बसणारी, वाचणारी, नाटक बसवणारी माणसे नक्कीच आहेत. ती माडीवर येणार नाहीत, त्यांच्यापर्यंत तुम्हालाच जावे लागेल.

लग्नाच्या बोलण्यांबाबत थोडक्यात लिहिते. नियुक्तिपत्र आणि पगाराचा तपशील मागितल्याशिवायच दाखवा आणि मुलीला स्वतंत्रपणे सांगा की पुढची काही वर्षे आपण उदगीरलाच राहणार आहोत. ज्या मुलीला हे मान्य नसेल तिचा नकार आजच आलेला बरा.

येळवस लातूर-धाराशिव भागात किती मोठी असते हे इतर वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. मार्गशीर्ष अमावस्येला गावेच्या गावे शेतात जातात, शहरातल्या गल्ल्या ओस पडतात, कडब्याच्या खोपीत पांडवांची पूजा होते आणि भज्जी-आंबिलीच्या जेवणाला वाटेवरच्या अनोळखी माणसालाही हात धरून बसवले जाते. लातूर जिल्ह्यात त्या दिवशी प्रशासन स्थानिक सुट्टी देते. पुण्याच्या कंपनीच्या यादीत ती नसते. तुमच्या वरिष्ठांना हा दिवस काय आहे हे माहीत असण्याचे कारण नाही. पुढच्या येळवसीची तारीख आजच पाहा, महिनाभर आधी रजा मागा, आणि जमले तर सहकाऱ्यांना खोपीचा फोटो पाठवा. तुम्ही कुठे राहता हे त्यांना कळेल, आणि तेही तुमच्या एकटेपणावरचे एक औषधच आहे.

आता त्या शेवटच्या वाक्यांकडे येते. मीटिंगमुळे शेतात जाता न येणे ही कामाची अडचण झाली. मीटिंग संपल्यावर, तीन किलोमीटरवर सगळे घर पंगतीला बसलेले असताना, उठावेसेच न वाटणे ही वेगळी गोष्ट आहे. पूर्वी ज्यात आनंद मिळत होता त्यात रस न वाटणे किंवा मन उदास राहणे दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज होत असेल, झोप किंवा भूक बदलली असेल, तर ते नैराश्याचे लक्षण असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. तिथे एकदा जाऊन या. वडिलांना उठवणे-बसवणे, औषधे, रात्रीचे जागरण हे सारे तुम्ही एका ओळीत उरकले आहे, पण आजारी माणसाची सेवा हे दुसरे पूर्ण वेळेचे काम असते. त्यातले आठवड्यातले दोन दिवस चुलत्यांच्या घरात वाटून द्या. ज्यांनी येळवसीला वडिलांना जीपमध्ये बसवून नेले, ते नाही म्हणणार नाहीत.

प्रश्न: मी नांदेडची. हैदराबादच्या एका कंपनीचे हिशेबाचे काम घरून करते. सासूबाई स्वभावाने चांगल्या आहेत, पण पाहुण्यांचा चहा, गॅसचे सिलिंडर, कुरिअर, दळण, सगळे माझ्याकडे येते, कारण "ती घरीच असते की". दीर सकाळी डबा घेऊन बँकेत जातात, त्यांना कोणी हाक मारत नाही. महालक्ष्म्यांच्या वेळी मला रजा मिळाली नाही. एका हाताने पुरण वाटायचे आणि मधूनच कॉल घ्यायचा, असे तीन दिवस काढले. कॉल चालू असताना कुकरची शिट्टी झाली आणि सगळे हसले. त्या रात्री मी खूप रडले. घरात कमी पडते आणि कामातही कमी पडते, असेच वाटत राहते.

उत्तर: ताई, तुमचे पत्र दोन पानांचे आहे. त्यात सासूबाई आहेत, दीर आहेत, कंपनीचे साहेब आहेत. तुमच्या पतीचा उल्लेख एकदाही नाही. सुरुवात मला तिथूनच करावीशी वाटते. घरातल्या कामाची वाटणी ही सासू-सुनेची गोष्ट आहे असे मानून घरातले पुरुष बाजूला राहतात आणि दोन बायका एकमेकींसमोर उभ्या राहतात, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. "तिची नोकरी दादाच्या नोकरीसारखीच आहे" हे वाक्य तुमच्या पतींनीच त्यांच्या आईला सांगायला हवे, तुमच्या पाठीमागे नव्हे तर तुमच्या समोर आणि दिरांच्याही समोर. कुरिअर आणि सिलिंडरसाठी पतींचा फोन नंबर द्यायला काय हरकत आहे?

सासूबाईंशी बोलाल तेव्हा रागाच्या भरात बोलू नका आणि "दिवसभर मला हाक मारू नका" असेही सांगू नका, कारण ते कोणत्याच घरात पाळले जात नाही. अकरा ते एक आणि तीन ते पाच अशा दोन वेळा ठरवा. त्या वेळात खोलीचे दार बंद असेल, आणि दार बंद असताना तुम्ही घरात नाही असे समजायचे. उरलेल्या वेळात हाकेला ओ द्या. दिवसभराची अस्पष्ट मनाई पाळण्यापेक्षा चार तासांची स्पष्ट मनाई पाळणे माणसांना सोपे जाते.

आणखी एक शक्यता मनात येते. सून दिवसभर घरी राहणार असे कळल्यावर सासूबाईंना सोबत मिळेल असे वाटले असेल. सून घरात तर आहे, पण बंद दाराआड कोणाशी तरी बोलते आणि हसते. त्यांच्या हाकांपैकी काही हाका चहासाठी नसतील. दुपारचे जेवण लॅपटॉपपुढे न करता वीस मिनिटे त्यांच्याबरोबर बसून करा. तुमच्या जिवालाही ती वीस मिनिटे हवी आहेत.

कुकरच्या शिट्टीला सगळे हसले म्हणून तुम्ही रडलात, असे मला वाटत नाही. तीन दिवस दोन्हीकडे पूर्ण पुरे पडण्याची धडपड तुम्ही केलीत आणि त्या एका शिट्टीने ती उघडी पडली, असे तुम्हाला वाटले. आपल्याकडे महालक्ष्म्या म्हणजे आवाहन, पूजन आणि विसर्जन असे तीन दिवसांचे पूर्ण काम असते. हैदराबादच्या साहेबांना तिकडचा बतुकम्माचा सण माहीत असणार, महालक्ष्म्या माहीत नसतील. वर्षाच्या सुरुवातीलाच पंचांग पाहून त्या तीन दिवसांची रजा लेखी मागून ठेवा. आणि जे काम रजेशिवाय निभावणार नाही, ते निभावण्याचा शब्द स्वतःला देऊ नका; त्या वर्षी पुरण विकत आणले तर देवी रुसत नाही.

व्हिडिओ कॉलनंतर डोके जड होते असेही तुम्ही लिहिले आहे. स्टॅनफर्डचेच जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये या थकव्याची चार कारणे मांडली: समोरच्यांचे चेहरे फार जवळून आणि सतत रोखून पाहत असल्यासारखे दिसणे, स्वतःचा चेहरा सारखा नजरेसमोर असणे, हलता-फिरता न येणे आणि हावभाव समजून घेण्यासाठी मेंदूला जास्तीचे कष्ट पडणे. यातले दुसरे कारण आजच दूर करता येईल. स्वतःचे चित्र आपल्यापुरते झाकण्याची सोय बहुतेक अ‍ॅपमध्ये असते. मागचे घर कसे दिसते, पदर नीट आहे का, भिंतीवरचा ओलाव्याचा डाग दिसतो का, ही चिंता त्याने बरीच कमी होईल.

प्रश्न: मी जालन्याचा, वय २३. अभियांत्रिकीनंतरची ही माझी पहिलीच नोकरी, मुंबईच्या कंपनीत आणि पूर्णपणे घरून. सात महिन्यांत एकाही सहकाऱ्याला प्रत्यक्ष भेटलेलो नाही. काम अडले की विचारायला भीती वाटते, इंग्रजी कच्चे आहे म्हणून मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवून गप्प बसतो. आपण तिथे आहोत हे कोणाला माहीत तरी आहे का, असे वाटते.

उत्तर: तुमची भीती अगदीच निराधार नाही, म्हणून खोटा दिलासा देत नाही. वर सांगितलेल्या प्रयोगात असेही आढळले होते की तेवढेच चांगले काम करूनही घरून काम करणाऱ्यांना बढती मिळण्याचे प्रमाण कमी होते. जो डोळ्यांसमोर नसतो तो आठवत नाही. अनुभवी माणसाला हे एक वेळ परवडते, कारण त्याची ओळख आधीच झालेली असते. पहिल्या नोकरीत ते परवडत नाही. नवखा माणूस शेजारी बसलेल्याच्या स्क्रीनकडे पाहून आणि त्याचे फोनवरचे बोलणे कानावर पडून जे शिकतो, ते तुम्हाला कोणी शिकवलेलेच नाही. त्यामुळे तुम्हाला अडते, यात तुमच्या बुद्धीचा दोष नाही.

काम अडले की अर्धा तास स्वतः प्रयत्न करायचा आणि नंतर विचारायचेच, असा नियम करा. विचारताना "हे येत नाही" एवढेच न लिहिता काय करून पाहिले आणि कुठे अडले ते तीन ओळींत लिहा. लिहिण्यात एक सोय आहे: इंग्रजी दोनदा तपासून पाठवता येते. चमूत कोणी मराठी बोलणारे असेलच; त्यांना आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटे मराठीतून बोलाल का, असे सरळ विचारा. बहुतेक लोक नाही म्हणत नाहीत. मीटिंगमध्ये सुरुवातीची पाच मिनिटे कॅमेरा चालू ठेवा, नमस्कार करा, मग हवा तर बंद करा.

आणि वरिष्ठांना लेखी विचारा की काही दिवस मुंबईला येऊन बसता येईल का. जालन्याहून रेल्वेने मुंबई काही तासांवर आहे. राहण्याचा खर्च कंपनीने दिला तर उत्तम, नाही दिला तरी पहिल्या वर्षी तीन-चार दिवसांचा असा खर्च करण्यासारखा आहे. ज्याच्याबरोबर एकदा वडापाव खाल्ला आहे, त्याला प्रश्न विचारताना जीभ अडखळत नाही.

प्रश्न: मी परभणीचा, सेवानिवृत्त शिक्षक. मुलगा २७ वर्षांचा आहे. अमेरिकेतल्या कंपनीचे काम घरून करतो. संध्याकाळी साडेसहाला खोलीत जातो तो पहाटे तीन-साडेतीनला बाहेर येतो, दुपारी बारापर्यंत झोपतो. आमच्याबरोबर जेवत नाही, पाहुणे आले तर भेटत नाही, विचारले की चिडतो. सुट्टीच्या दिवशीही फोन वाजला की उठून जातो. हे मोबाइलचे व्यसन म्हणावे का? त्याला ही नोकरी सोडायला सांगावी का?

उत्तर: सर, उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा वाजतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजलेले असतात, हिवाळ्यात हे अंतर आणखी एका तासाने वाढते. म्हणजे तुमचा मुलगा तिथला दिवस परभणीच्या रात्री जगतो आहे. तो दुपारी बारापर्यंत लोळत नाही, ती त्याची रात्र आहे. आणि त्या रात्रीत भाजीवाल्याची आरोळी, मिक्सर, शेजारचे बोअरवेल, देवळाचा भोंगा आणि "अजून उठला नाही का?" हे सारे असते. अपुऱ्या आणि तुटक झोपेने माणूस चिडचिडा होतो. म्हणून नोकरीचा निर्णय करण्याआधी त्याची झोप सुधारा: खिडक्यांना जाड गडद पडदे लावा, सकाळची भांडी त्याच्या खोलीपासून दूर घासली जावीत आणि पाहुण्यांना "तो रात्रपाळी करतो" असे ठामपणे सांगा. रात्रपाळी हा शब्द आपल्या लोकांना कळतो. कारखान्यातल्या कामगाराला सकाळी कोणी उठवत नाही.

एकत्र जेवणाचा हट्ट रात्रीसाठी सोडा. तुमचे दुपारचे जेवण एक वाजता ठेवा. ती त्याची न्याहारी होईल. त्या वेळी नोकरी, लग्न आणि झोप हे तीन विषय काढू नका.

सुट्टीतल्या फोनबाबत तुमची चीड रास्त आहे. फ्रान्समध्ये २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्कात न राहण्याचा कर्मचाऱ्याचा हक्क कायद्यात आला आहे. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत याच हक्कासाठी खासगी विधेयक मांडले होते, पण त्याचा कायदा झाला नाही. तेव्हा सुट्टीच्या दिवशी नेमके कोणत्या कारणासाठी फोन घ्यायचा, हे त्यालाच वरिष्ठांशी बोलून ठरवावे लागेल. त्याला आदेश देऊ नका. "तुझे काम मला समजावून सांग" असे म्हणून बसा. तुम्ही आयुष्यभर मुलांना शिकवले, आता एकदा त्याला शिकवू द्या.

व्यसन म्हणावे असे तुमच्या पत्रात मला काही दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या आजारांच्या वर्गीकरणात कामाच्या दीर्घ ताणातून येणाऱ्या अवस्थेच्या तीन खुणा नोंदवल्या: शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामाविषयी मन उडणे किंवा कडवट होणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. या खुणा त्याच्या बोलण्यातून ऐका. रजा किंवा दिवसपाळीचा प्रकल्प मागायला त्याला पाठबळ द्या. तेही मिळत नसेल, तर नोकरी बदलण्याचा विचार त्याच्याबरोबर बसून करा, त्याच्यासाठी तुम्ही एकट्याने करू नका.

एक गोष्ट मात्र थांबवून ठेवू नका. तो झोपेसाठी दारू घेऊ लागला असेल, जगण्यात अर्थ नाही असे बोलला असेल, किंवा कामाच्या वेळेतही खोलीत नुसता बसून राहत असेल, तर त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात न्या. रात्री-अपरात्री बोलायचे झाल्यास केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते आणि मराठीतून बोलता येते. हा क्रमांक त्याच्या मोबाइलमध्ये आणि तुमच्याही मोबाइलमध्ये आजच साठवून ठेवा. पहाटे तीनला त्याच्या खोलीचा दिवा जळत असताना जागे राहून काळजी करणारे तुम्हीही आहात.